साक्षीदाराची उलटतपासणी

गोव्यात, साष्टीतल्या एका इगर्जीत रविवारचा धर्मशिक्षणाचा तास चालू आहे. शिकवणारा पाद्री इंग्रज आहे. पण समोरच्यांशी तो त्यांच्याच भाषेत बोलतो. ऐकणाऱ्यांत नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण आहे. तो उठून विचारतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? पाद्रीगुरूला प्रश्न पटतो आणि तो कथा सांगू लागतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची चौकट ही अशी आहे. १६१६ साली रायतूरच्या जेझुइट छापखान्यात छापलेल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची सुरुवात ख्रिस्ताच्या जन्मापासून होत नाही, ऐकणाऱ्याच्या तक्रारीपासून होते.

तक्रार साधी नव्हती. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, त्याच्या बारा वर्षे आधी साष्टीतली देवळे पाडली गेली होती. इन्क्विझिशन १५६० पासूनच बसले होते. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि पुढे पोर्तुगिजांनी तिथल्या गावकरांना वाटाघाटीसाठी बोलावून ठार केले. अशा मुलखात एखादा माणूस उभा राहून ‘तुम्ही आमचे काढून घेतलेत, आता द्या’ म्हणतो, तेव्हा त्या विनंतीत आरोपही असतो. स्टीफन्स तो गाळू शकले असते. राजसत्ता त्यांच्या बाजूची होती, छापखाना त्यांच्या संस्थेचा होता. तरी त्यांनी तो प्रश्न ग्रंथाच्या उंबरठ्यावर ठेवला. या पुस्तकाची सुरुवात मी त्याच उंबरठ्यावरून करतो आहे.

विषय आहे ख्रिस्ती मिशनचा: एका संस्कृतीतला माणूस दुसऱ्या संस्कृतीत, दुसऱ्या धर्माच्या माणसांसमोर जाऊन आपल्या श्रद्धेविषयी बोलतो, तेव्हा नेमके काय होते? याची दोन ठरीव उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एका उत्तरात मिशनरी म्हणजे शाळा, दवाखाने, शब्दकोश आणि छापखाने आणणारे देवदूत. दुसऱ्यात ते साम्राज्याचे हस्तक. दुष्काळात धान्य दाखवून धर्म विकत घेणारे. दोन्ही उत्तरांना पुरावे सापडतात, म्हणून दोन्ही टिकून आहेत. पण दोन्हींत एक खोट सारखीच आहे. दोन्हींत सगळे काही मिशनरीच करतो आणि समोरचा मराठी माणूस नुसता घेतो: एकात उपकार, दुसऱ्यात फसवणूक. तो काही विचारत नाही, अडवत नाही, बदलत नाही. गेल्या चारशे वर्षांचे मराठी कागद वाचताना मला असा मुका माणूस फारसा भेटला नाही.

म्हणून मी ‘प्रचार’ हा शब्द बाजूला ठेवून मराठी ख्रिस्ती समाजाचा नेहमीचा शब्द उचलला आहे: साक्ष. उपासनेत कुणी उठून आपला अनुभव सांगतो, त्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. वेदान्तातला ‘साक्षी’ वेगळा. तो नुसता पाहतो, कशात गुंतत नाही. ख्रिस्ती साक्ष कोर्टातल्या साक्षीच्या जवळची आहे. साक्षीदाराने पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले सांगायचे आणि पिंजऱ्यातून उतरण्याआधी विरुद्ध बाजूच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द आहे, त्यावरूनच युरोपच्या भाषांतला हुतात्म्याचा शब्द आला, यावरून साक्ष किती महागात पडू शकते हे कळावे. प्रचाराची उलटतपासणी होत नाही, साक्षीची होते. मराठी मुलखात ख्रिस्ती साक्षीची उलटतपासणी झाली, ती कसून झाली, आणि तिच्यातून जे टिकले तेवढेच मराठीत उरले. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे.

पहिले प्रकरण स्टीफन्सचे. त्यांनी आपली साक्ष ओवीत दिली. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी, आरंभी मंगलाचरण, मग मराठी भाषेची स्तुती, आणि स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’. हा निव्वळ भाषेचा साज नव्हता. विष्णूचे घर ज्या शब्दात आहे तोच शब्द ख्रिस्ताच्या पित्याच्या घराला वापरायचा, तर त्याला चिकटलेले सगळे अर्थही आत येणार. मग ऐकणाऱ्याच्या मनातले वैकुंठ बदलले की पाद्रीच्या मनातला स्वर्ग? माझ्या मते दोन्ही. विल्टशरमध्ये जन्मलेला माणूस चाळीस वर्षे साष्टीत राहून ज्या भाषेत विचार करू लागला, तिने त्यालाही काही शिकवले असणारच. एक अडचण मात्र त्यांना सुटली नाही. देवनागरीचे खिळे नव्हते. तिची जोडाक्षरे शेकड्यांनी. ती ओतवून घ्यावीत म्हणून त्यांनी १६०८ साली वरिष्ठांना लिहिले, साचे कमी कसे करता येतील तेही सुचवले. ते झाले नाही. ओवी मराठी, लिपी रोमन, असेच पुराण छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले, तेव्हा स्टीफन्सची वाट सरकारी धोरणाच्या बरोबर उलट्या दिशेला पडली.

दुसरे प्रकरण दोनशे वर्षांनंतरचे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले. त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली आणि मिशनऱ्यांना दार उघडले. तोवर बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचे व्याकरण लिहिले होते (१८०५) आणि नवा करार मराठीत आणला होता. वैजनाथांचे नाव आपण केरींच्या नावाशेजारी सहसा घेत नाही, घेतले पाहिजे. परदेशी माणसाची मराठी साक्ष पहिल्या शब्दापासून एका पंडिताने तपासून दिलेली होती.

मग वाद सुरू झाले. आज ‘वाद’ म्हटले की आपल्याला भांडण आठवते. तेव्हा वाद ही विद्या होती. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिले, जॉन विल्सन यांनी पुढल्या वर्षी त्याला उत्तर दिले. काशीला मूळच्या चित्पावन घराण्यातले नीळकंठशास्त्री गोरे मिशनऱ्यांची मते खोडून काढायला निघाले आणि शेवटी १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. १८५७ साली, उत्तरेत बंड पेटत असताना, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घालत होते आणि माणसे गर्दी करून ऐकत होती. त्या वाळूत कोण जिंकले, याचा निकाल दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने लावून घेतला. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की राज्य ज्यांचे त्यांच्या धर्माच्या माणसाला वाळूत उभे राहून मराठीत उत्तरे द्यावी लागत होती.

एकदा ही उलटतपासणी खरोखरच कोर्टात झाली. १८४३ साली नारायण शेषाद्री या तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. श्रीपत अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. खटला तिथे संपला, पण खरा प्रश्न घरी आल्यावर उभा राहिला. परधर्मीयांच्या घरी राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूला उभे राहिले. सनातनी मंडळी त्यांच्यावर उलटली. मिशनने दिलेल्या साक्षीला उत्तर देता देता हिंदू समाजाला स्वतःच्या दाराची कडी तपासावी लागली. थोरला नारायण पुढे पाळक झाला आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव त्याने वसवले. एकाच घरातल्या दोन भावांच्या या दोन वाटा ‘धर्मांतर’ या एका शब्दात बसत नाहीत.

तिसरे प्रकरण नगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ पासून रुजले. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतिबा फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची काढली. १८४२ साली मिशनचे पत्र ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. त्यातल्या एका मजकुराकडे वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. लिहिणारी मुलगी मातंग, शाळा फुल्यांची, मिशनची नव्हे, पत्र ख्रिस्ती. धर्मग्रंथांवर ब्राह्मणांचा हक्क, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या मुलीने केला. मिशनने साक्षीसाठी मांडलेल्या पिंजऱ्यात एक मुलगी भलत्याच खटल्याची साक्ष द्यायला उभी राहिली आणि आज दलित साहित्याची वंशावळ सांगताना आपण तिच्यापाशी जाऊन थांबतो.

याच प्रकरणात नकोसे वाटणारे प्रश्नही आहेत. शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली आणि दुष्काळात ही संख्या वाढली. ती भुकेपायी झाली का? काही नक्कीच. पण ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्याच्या लेखी ‘पोटासाठी’ आणि ‘माणूस म्हणून’ यांत आपण काढतो तेवढी स्वच्छ रेघ नसते. दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. जात ख्रिस्ती देवळाच्या आत आली की बाहेर राहिली? आली. पंगतीत आली, सोयरिकीत आली. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माचा विचार करताना नेमके तिथेच बोट ठेवले आणि १९५६ साली ते बुद्धाकडे गेले. मिशनच्या इतिहासातली ही सगळ्यांत कडक उलटतपासणी. तिला समाधानकारक उत्तर मिळाले असे मला वाटत नाही, आणि प्रकरणात तसा आव आणलेला नाही.

इथवर प्रश्न विचारणारे बहुतेक बाहेरचे होते. चौथ्या प्रकरणापासून ज्यांनी ख्रिस्त स्वीकारला तेच विचारू लागतात.

पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटले असेल, आता शिष्या मिळाली. प्रत्यक्षात भेटली ती शास्त्रार्थात वाढलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली बाई. दोघींचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. या पुस्तकाच्या वाचकाने तो मुळातून वाचावा. वाद मोठ्या सिद्धान्तांवर आहे, त्रैक्यावर आहे, चर्चच्या अधिकारावर आहे. पण खरी मजा लहान गोष्टींत आहे. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत. सिस्टरना त्यात जातीचा अभिमान दिसतो. रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावे का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागवले जाते आणि ते ‘नको’ म्हणतात. रमाबाई चिडतात: जन्मभर सभांतून पुरुषांपुढे बोलणाऱ्या बाईला हे सांगायचे? आणि तो क्रूस. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्या देशातल्या माणसांना न कळणारी अक्षरे मी का मिरवावी, संस्कृतात काय कमी आहे, असा रमाबाईंचा रोख. बोटाच्या पेराएवढी ती अक्षरे, पण स्टीफन्सना जे खिळे मिळाले नाहीत त्यांचाच हा पुढचा वाद आहे. या खेपेला तो लढत होती ती साक्ष ऐकलेली आणि आता स्वतः द्यायला निघालेली बाई.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला गेले. पहिल्या विद्यार्थिनींत विधवा गोदूबाई होत्या. त्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि हिंदूच राहिल्या. सदनात धर्म शिकवायचा नाही असा करार होता. पण रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. उघडे दार म्हणजे साक्ष की आमिष? मी या प्रकरणात दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्याच जोराने मांडायचा प्रयत्न केला आहे. माझा कल वाचकाला कळेलच, तो मी लपवलेला नाही. केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या, आणि ते छापण्याच्या कामाला तिथल्या बायका होत्या. दुसऱ्याने दिलेला शब्दही मुळातून तपासल्याशिवाय घ्यायचा नाही, हा शास्त्रीबुवांच्या लेकीचा स्वभाव धर्म बदलला म्हणून बदलला नाही.

पाचवे प्रकरण घरातले आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका साहेबाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही देशी पाळकाच्या हातून. हे सारे चरित्रांत आहे. त्यांच्या साक्षीची उलटतपासणी मात्र लक्ष्मीबाईंनी केली आणि ती ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवरा ख्रिस्ती झाला आणि बाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिली, काही काळ पंढरपुरात. चारेक वर्षांनी नगरला त्याच्याकडे आली ती आपले सोवळे घेऊन: वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळक वाद घालण्यात कुणाला हार जाणारे नव्हते; पण वादाने बाई हलली नाही. हलली ती स्वतःच्या विचाराने, जात देवाने केली की माणसाने, हे आपल्याशीच घोळवत घोळवत. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. हे सगळे ती ज्या भाषेत सांगते तिच्यात धर्मोपदेशकाचा एक शब्द नाही. शेजारणीशी ओट्यावर बसून बोलावे तशी ती स्वतःला हसत सांगते. मराठीतल्या ख्रिस्ती साक्षीचा इतका पटणारा नमुना मला दुसरा ठाऊक नाही, आणि तो पटतो याचे कारण ती पटवायला बसलेली नाही. त्याच घरात बालकवी ठोमरे राहून गेले, हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंच्या मायेला त्याने काही फरक पडला नाही.

टिळकांनीही शेवटी मिशनला पिंजऱ्यात उभे केले. आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबाच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. त्यांचे अभंग नगरच्या देवळांत टाळ-पेटीवर आजही गायिले जातात. ख्रिस्ती कीर्तन तर तिथे त्यांच्या आधीपासून उभे राहत होते. पण अभंग मराठी आणि कारभार परदेशी, हे त्यांना सोसेना. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे भक्त त्यात एकत्र बसणार होते. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले. दरबार फारसा चालला नाही. तो अपुरा प्रयोग म्हणून मी त्याच्यावर मुद्दाम जास्त पाने खर्च केली आहेत: चर्चच्या भिंतीत दार कुठे ठेवायचे, हा त्यातला प्रश्न अजून कुणी मिटवलेला नाही.

पुस्तक कसे वाचावे, याविषयी दोन शब्द. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही, मराठीचा वाचक आहे. त्यामुळे त्रैक्य, अवतार, मुक्ती यांसारख्या ठिकाणी मी शब्द कसा निवडला गेला ते पाहिले आहे. तो सिद्धान्त खरा की खोटा हे ठरवायला बसलो नाही. ‘शुभवर्तमान’, ‘पाळक’, ‘उपासना’, ‘प्रभुभोजन’ हे मराठी ख्रिस्ती समाजाचे शब्द मी तसेच ठेवले आहेत. वाचकाला काही परके वाटतील. पण ते गेली दीडशे-दोनशे वर्षे मराठी घरांत बोलले जात आहेत. वसईचे आणि नगरचे, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, यांच्या शब्दांत फरक आहे. तोही मी पुसलेला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा एका पाद्रीने तिथे का बसावे, असा आक्षेप काहींनी घेतला. आक्षेप घेणाऱ्यांनी ‘क्रिस्तपुराण’ उघडले असते तर पाद्री या मांडवात चारशे वर्षांपूर्वीच येऊन बसला आहे, हे त्यांना दिसले असते.

त्या पुराणाची शेवटची गोष्ट सांगून प्रस्तावना संपवतो. सतराव्या शतकात ते तीनदा छापले गेले. त्या छापील प्रतींपैकी एकही आज सापडत नाही. तरी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले, ते हस्तलिखितांवरून. ज्यांनी ते इगर्जीत ऐकले, उपवासाच्या दिवसांत घरी म्हटले, त्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी ते हाताने उतरून ठेवले होते. छापणाऱ्याच्या प्रती गेल्या. ऐकणाऱ्याने उतरून घेतलेल्या राहिल्या. साष्टीतल्या त्या माणसाने दुसरे पुराण मागितले होते. ते मिळाल्यावर सांभाळले त्याच्याच माणसांनी.